मुलगा लाभत नाही, म्हणे

माझ्या पहिल्या मुलाला मी बेसनाने घासून काढलं होतं. त्याच्या मांड्यांवर आणि पोटावर लाल टिपके उठले होते, मोहरीहून बारीक, आणि मी वीस वर्षांची महापंडिता, मी एका नजरेत निदान केलं: रंग. नवरा इथे गुजरातेत कापड रंगवायच्या कारखान्यात कामाला, तेव्हा उधन्याला, पुढे पलसाण्याला. त्याचे हात एक आठवडा निळे, तर पुढचा आठवडा राणी रंगाचे. कारखान्यातून वाया गेलेल्या कापडाचे तुकडे घरी यायचे, त्यांचीच लंगोटं, त्यांचीच दुपटी. अशा घरात लेकराच्या अंगावर लाल दिसलं तर कच्चा रंग उतरला, एवढंच सुचायचं. आधी बेसन, मग साबण, मग घासलेटचा बोळा. दोन बोटांनी कातडी ताणून मी घासत होते आणि शेजारीण उंबऱ्यात बसून धीर देत होती, "निंघी जाई वं माय, दोन दिनमा निंघी जाई."

रंग काही निघाला नाही. शीतून रक्त जायला लागलं, तर ती उष्णता. अंगावर खाज आणि चट्टे, तर ते माझं आंबट खाणं. ताप आला, उतरला, परत आला. अकराव्या महिन्यात मुलगा गेला, आणि मी शेवटपर्यंत त्या लंगोटांनाच शिव्या देत होते. एवढी हुशारी एका बाईत मावते कशी, याचं मला आज नवल वाटतं.

त्यानंतर त्याला मोजायचं बंद झालं. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरातून गेलेल्या माणसाच्या नावाने मातीची घागर भरतात, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, सांजोरीचा नैवेद्य दाखवतात. सासऱ्यांची घागर भरली, सासूची भरली, पुढे नवऱ्याची भरली. लहान लेकराची घागर आमच्या घरात भरत नाहीत. आणि ज्याची घागर नाही त्याचं नाव निघत नाही. दोन वर्षांनी मुलगी झाली. मग कोणी विचारलं, किती लेकरं, की मी सांगायची, एक मुलगी. पहिल्यांदा सांगताना मी दुसरीकडे पाहिलं. दहाव्यांदा सांगेपर्यंत मलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

आणि मी एकटीच कशाला, माझ्या माहेरी ही घराण्याची कलाच होती. आईचे दोन मुलगे असेच गेले, मावशीचा एक गेला. आम्ही मुली मात्र टणक, दगड मारला तर दगडाला खोक पडेल अशा. गाव म्हणायचं, "या बायांना मुलगा लाभत नाही." म्हणजे बघा, अर्धं निदान गावाने आधीच करून ठेवलं होतं. येतं बायांतून, जातात मुलगे. ना यंत्र, ना तपासणी. फक्त त्यावर औषध जे सांगितलं ते थोर होतं: तोंड उघडू नका, नाहीतर मुलींची लग्नं व्हायची नाहीत.

मी उघडलं नाही. माझ्या मुलीचं लग्न झालं.

भेस्तानच्या आमच्या दोन खोल्यांतून ती थेट शिकलेल्या घरात पडली. जावई बँकेत. विहीणबाई निवृत्त मास्तरीण, उभी हयात इथल्या मराठी शाळेत काढलेली. बोलणी करायला आल्या तेव्हा खुर्चीच्या अगदी टोकावर बसल्या, जणू पुढचा अर्धा भाग तेवढाच स्वच्छ होता. मी अहिराणीत चहाचं विचारलं, तर म्हणाल्या, "आम्ही घरात प्रमाण मराठीच बोलतो हं." त्यांचं गाव माझ्या गावापासून दोन कोसांवर. पण बाईने अहिराणी अशी झटकली होती, की जणू ती कधी अंगाला लागलीच नव्हती.

"घरात काही आजारपण? साखर, दमा वगैरे?" त्यांनी विचारलं.

"आमच्याकडे सगळे लोखंडाचे, विहीणबाई," मी म्हणाले. लग्न अजून ठरायचं होतं, तरी मी विहीणबाई म्हणून मोकळी झाले. लोचटपणाला मुहूर्त लागत नाही.

पहिली नात झाली, ठणठणीत. चार वर्षांनी नातू झाला आणि मी सोसायटीभर पेढे वाटत फिरले. जिच्या माहेरचे मुलगे असे गेले, जिचा स्वतःचा असा गेला, ती बाई मुलगा झाला म्हणून पेढे वाटते! थोडी अक्कल असती तर पेढ्याचा पुडा खाली ठेवला असता आणि आधी लेकराचं लंगोट सोडून पाहिलं असतं.

दुसऱ्या महिन्यात मुलीनेच ते सोडून मला दाखवलं. मांडीवर टिपके, लाल, मोहरीहून बारीक.

"आई, हे काय गं?"

आणि मी, आता एक्कावन्न वर्षांची, चष्मा लागलेली, म्हणाले, "रंग असेल. दुपट्याचा."

जावयाच्या घरात कच्च्या रंगाचं एक फडकं नव्हतं. दुपटी दुकानातली, पांढरीशुभ्र, कोपऱ्यात दोन पिवळी बदकं. पिवळ्या बदकांतून लाल रंग कसा उतरला, हे मी स्वतःला विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर माहीत होतं ना.

मुलगी बापावर गेलेली, म्हणून बरं. तिने बेसन काढलं नाही, डॉक्टर गाठला. रक्त तपासलं तर प्लेटलेट, म्हणजे रक्त वाहायचं थांबवणारे कण, फारच कमी. डॉक्टर म्हणाले, "लहान मुलांत होतं असं कधी कधी. शरीरच ते कण खाऊन टाकतं. औषधाने येतील." मग कागद भरता भरता त्यांनी विचारलं, "आईच्या घरात कुणाला असं काही? लहानपणी गेलेलं कोणी?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिला बिचारीला काय ठाऊक असणार? विहीणबाईंनीही पाहिलं.

"छे," मी म्हणाले. "मला ही एकच."

त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं की खोटं कुठे बोलले, आमच्यात मोजतच नाहीत. पण ही पळवाट मला नंतर, रिक्षात बसल्यावर सुचली. डॉक्टरांसमोर तोंडातून जे निघालं ते विहीणबाईंच्या इस्त्रीच्या साडीकडे बघून निघालं.

औषध सुरू झालं. स्टिरॉइडने नातवाचं तोंड पुरीसारखं फुगलं. पाहुणे म्हणाले, "वा, काय बाळसं धरलंय!" आणि मी दृष्ट लागेल म्हणून मीठ-मिरच्या ओवाळल्या. आजाराची दृष्ट काढणारी मी पहिलीच असेन. कण जरा वर चढायचे, आठवड्यात पुन्हा खाली. गालांवर, कोपरांत चट्टे, खाजवून खाजवून रक्ताळलेले. मग एक कान वाहायला लागला, तो थांबला की दुसरा. डॉक्टरांचे थेंब समोर असताना त्या कानात लसूण कढवलेलं तेल कोणी सोडलं, हे वेगळं सांगायला नको.

विहीणबाई म्हणायच्या, "बाळंतिणीने पथ्य पाळलं नाही."

मी म्हणायची, "तुमच्या त्या एसीने कान धरले लेकराचे."

"आमच्याकडे आजपर्यंत कुणाचे कान वाहिले नाहीत!"

"आणि आमच्याकडे कुणाला एसी लागला नाही!"

दोन म्हाताऱ्या अशा तावातावाने भांडायच्या आणि मधे ते पोर किरकिरत पडलेलं असायचं. असे आठ महिने.

दहाव्या महिन्यात न्यूमोनिया झाला आणि त्याला मोठ्या दवाखान्यात दाखल केलं. तिथे एक नवी डॉक्टरीण, गुजराती, माझ्या मुलीहूनही लहान दिसणारी. मी मनात म्हटलं, हिचे अजून दुधाचे दात पडले नसतील, ही काय सांगणार. (इतरांच्या वयावरून अक्कल मोजायची मला फार हौस. स्वतःच्या वयाला मात्र ती मोजपट्टी मी कधी लावली नाही.) तिने आधीचे सगळे रिपोर्ट टेबलावर पत्त्यांसारखे मांडले. बराच वेळ बघत राहिली. मग मुलगी पोराला घेऊन बाहेर थांबली तेवढ्यात विहीणबाईंना आणि मला आत बोलावून, अर्धं हिंदी, अर्धं गुजराती, असं समजावलं: सगळ्यांनी कण किती ते मोजलं, केवढे ते पाहिलं नाही. हे कण कमी आहेत आणि नेहमीपेक्षा बारीकही आहेत. शरीर कण खातं त्या आजारात ते असे बारीक नसतात. टिपके, चट्टे, वाहणारे कान आणि आता ही छाती, ही वेगवेगळी दुखणी नसतील. एकच असेल, जन्मतःच आलेलं. रोगाशी लढायची ताकदच कमी. असं दुखणं आईकडून येतं. आईला काही होत नाही, मुलग्याला होतं.

हे सगळं ती सांगत होती आणि मला आमच्या गावच्या ओट्यावरच्या बायका दिसत होत्या. त्याच बायका हेच बोलायच्या. हिच्यासारखं डोकं मात्र एकीनेही लावलं नव्हतं.

मग ती माझ्याकडे वळली. "मासी, तमारे केटला छोकरा?"

"एक छोकरी," मी म्हणाले.

"बीजुं कोई? नानपणमां गुजरी गयेलो कोई छोकरो? तमारो, के तमारी बानो?" दुसरं कोणी? लहानपणी गेलेला मुलगा? तुमचा, नाहीतर तुमच्या आईचा?

विहीणबाई बाजूला ताठ बसल्या होत्या, खांद्यावर पदराला पिन.

"ना," मी म्हणाले. "कोई नथी."

डॉक्टरणीने पेन ठेवलं. म्हणाली, मला तरी ही तपासणी करावीशी वाटते, पण ती इथे होत नाही, बाहेरगावी पाठवावी लागते. घराण्यात कुणाला नसेल तर आमचे मोठे साहेब म्हणतील, आधी जुनंच औषध वाढवून बघा. त्यानेही नाही भागलं तर पुढे प्लीहा काढायचा विचार होईल.

प्लीहा. पोटातला एक अवयव. माझ्या 'नाही'पायी ते दहा महिन्यांच्या पोराचं पोट फाडणार होते, आणि मी मान डोलावून बाहेर आले. विहीणबाई आतच थांबल्या, त्यांना मोठ्या साहेबांबद्दल अजून काही विचारायचं होतं.

बाहेर बाकावर मुलगी नातवाला मांडीवर घेऊन बसली होती. सुईवर लावलेल्या चिकटपट्टीच्या कडेने नवे टिपके उठले होते. ओढणीचं टोक ओलं करून ती ते पुसत होती. दोन बोटांनी कातडी ताणून.

"आई, हा पट्टीचा रंग तर नसेल ना?"

ती शिकलेली होती, रोज रिपोर्ट वाचत होती, तिला चांगलं ठाऊक होतं. तरी पुसत होती. मला रडू वगैरे आलं नाही. मला राग आला, त्या वीस वर्षांच्या मठ्ठ पोरीचा. इतकी वर्षं मी तिला गाडून टाकली असं समजत होते, आणि ही भवानी माझ्या लेकीच्या बोटांत येऊन बसली होती.

मी परत फिरले. दारावरचा माणूस आडवा आला. "मासी, आपका नंबर हो गया. अब कल."

"मेरा नंबर तीस साल पहले का है," मी म्हणाले आणि त्याच्या काखेखालून आत शिरले.

आत डॉक्टरीण आणि विहीणबाई, दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं आणि हिंदी पळून गेली. गुजरातीही गेली. उभं आयुष्य भाजीवाल्यांशी गुजरातीत भांडले, त्या दिवशी त्यातला एक शब्द कामाला आला नाही. आली ती अहिराणी.

"मना एक पोऱ्या व्हता," मी म्हणाले. "पहिला. अकरा महिनाना व्हईसन गया. त्याले बी असाच टिपका व्हतात. शी मा रगत ये. मी रंग समजनू, बेसन लाई घसं. मनी मायना बी दोन गयात. मावशीना एक. मी तुमले खोटं सांगं."

डॉक्टरणीला काही कळलं नाही. तिने विहीणबाईंकडे पाहिलं. "शुं कहे छे?"

आता या बाई काय करतील, मला खात्री होती. 'आम्ही घरात ते बोलत नाही' म्हणतील, आणि माझा पोरगा तिथल्या तिथे परत पुरला जाईल. विहीणबाईंनी पर्स टेबलावर ठेवली, उठून उभ्या राहिल्या, आणि वर्गात धडा सांगावा तशा सांगू लागल्या. "एमनो पहेलो दीकरो हतो. अगियार महिनानो थईने गुजरी गयो." टिपके सांगितले. रक्त सांगितलं. बेसनसुद्धा सांगितलं, मेलीने तेही गाळलं नाही. मी मधे अडखळले तर माझ्याकडे वळून विचारलं, "शी मा रगत कवयपाईन ये?" कधीपासून जायचं म्हणे. खणखणीत, माझ्याहून अस्सल. दोन कोस काही फुकट गेले नव्हते.

मुलगी पोराला घेऊन दारात उभी होती. केव्हा आली, कळलं नाही.

"मला भाऊ होता?"

"होता."

"आणि मी दर वर्षी काकाच्या पोराला राखी बांधत आले." एवढंच म्हणाली. ते ऐकण्यापेक्षा मला चार शिव्या बऱ्या वाटल्या असत्या.

डॉक्टरीण तोवर कागदावर आकृती काढत होती. बाई म्हणजे गोल, पुरुष म्हणजे चौकोन, गेला असेल तर चौकोनावर तिरपी रेघ. माझ्या आईचा गोल, त्याखाली दोन चौकोन, रेघ, रेघ. मावशीचा एक चौकोन, रेघ. माझा गोल, त्याखाली एक चौकोन. "केटला महिनानो?" तिने पुन्हा विचारलं, अकरा असं लिहिलं आणि रेघ मारली. मुलीचा गोल. त्याखाली नातीचा गोल, आणि शेजारी शेवटचा चौकोन. सगळ्या कागदावर रेघ नसलेला तो एकच. डॉक्टरीण तो कागद घेऊन मोठ्या साहेबांकडे गेली आणि पाव तासात परत आली. रक्त त्याच दिवशी बाहेरगावी पाठवलं.

जिन्यात विहीणबाईंनी मला गाठलं. मी मान खाली घालून तयार होते. फसवलंत, खोटं सांगून मुलगी दिलीत, आमच्या वंशाला कीड लावलीत, हे सगळं मी इतकी वर्षं त्यांच्या तोंडून मनातल्या मनात ऐकलेलंच होतं. उत्तरंही तयार होती.

"आठ महिना!" त्या ओरडल्या. जिन्यात लोक चढत-उतरत होते, तरी ओरडल्या, आणि तेही अहिराणीत. "आठ महिना तू चूप बसनी! तुनं खानदान लई मी काय चाटू वं माय? पोऱ्या मरी जाता ना!"

बस. वंश नाही, फसवणूक नाही. माझं खानदान घेऊन त्यांना काय चाटायचं होतं! ज्या अब्रूची मी तीस वर्षं राखण केली, तिला गिऱ्हाईकच नव्हतं. एक मूल पुरलं, दुसरं पुरायला काढलं, आणि राखलं काय, तर जी वस्तू समोरच्या बाईने विचारलीही नसती. माझी सगळी उत्तरं त्या जिन्यात वाया गेली. पुढे दोन महिने विहीणबाई माझ्याशी बोलल्या नाहीत. डबा आणून द्यायच्या, भाजी विचारायच्या नाहीत. बरोबरच होतं त्यांचं.

रिपोर्ट आला. डॉक्टरणीचं म्हणणं खरं निघालं. दुखण्याला दोन परदेशी डॉक्टरांची नावं जोडून केलेलं लांबलचक नाव आहे. मुलीला ते पाठ आहे, मी त्याला अजून 'लाभत नाही'च म्हणते. स्टिरॉइड बंद झालं, प्लीहेचं नाव निघालं नाही. दर महिन्याला नळीतून ताकदीचं औषध, रोजच्या गोळ्या, आणि मग बहिणीशी त्याचं रक्त जुळतं का ते पाहिलं. जुळलं. सहाव्या वर्षात असलेल्या त्या चिमुरडीचा बोन मॅरो भावाला दिला. जावयाने बदली मागून घेतली, दुसऱ्या शहरात दवाखान्याजवळ खोली घेतली, सगळे तिथे गेले. वर्ष गेलं. मी इथे राहून काय केलं, तर आखाजीला एक घागर जास्त भरली. विहीणबाई फोनवर म्हणाल्या, "आता भरून काय उपयोग?" मी म्हटलं, "नाही, उपयोग काही नाही."

नातीला वेळ आली की तिचीही तपासणी व्हायची आहे. तिला आम्ही सगळं सांगितलंय, लग्नाच्या बोलणीची वाट न बघता. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण आजी, तू डॉक्टरला दोनदा खोटं का बोललीस? एकदा समजू शकते."

नातू आता नऊ वर्षांचा आहे. शाळेत जातो, पडतो, खरचटतं, खपली धरते. डावा कान मात्र गेला तो गेला. आठ महिने वाहून वाहून आत काही उरलं नाही. डॉक्टरीण म्हणाली, आधी कळलं असतं तर कदाचित वाचला असता. ते 'कदाचित' तिने माझ्यासाठी घातलं, पोरगी भल्या मनाची आहे. मी ते काढून टाकून नातवाला सांगितलं. तो सात वर्षांचा होता तेव्हा. म्हटलं, तुझा कान माझ्या खोट्याने गेला.

त्याने विचार केला. "आणि लसणाच्या तेलाने?"

"त्याचं कोणी सांगितलं तुला?"

"मोठ्या आजीने."

म्हणजे विहीणबाईंनी. बरं, त्यानेही, मी म्हणाले.

त्याला त्याचं फार दुःख झालेलं दिसलं नाही. उलट त्याला एक हत्यार मिळालं. आता अभ्यासावरून, मोबाइलवरून मी रागावायला लागले की हा शहाणा मान वळवतो, डावा कान माझ्याकडे करतो आणि गुजरातीत म्हणतो, "आ बाजुथी नथी संभळातुं, आजी." या बाजूने ऐकू येत नाही म्हणे. मग मी उठते, गुडघे धरत त्याच्या उजव्या अंगाला जाऊन बसते, आणि पहिल्यापासून रागावते.